विश्लेषण : हिंदी महासागरातील धोक्याचा इशारा २८ देश मिळून कसा देतात? तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो का?

हिंदी महासागरात मोठा भूकंप झाला, तर त्सुनामीचा पहिला इशारा आज हैदराबादहून दहा मिनिटांच्या आसपास निघतो. २००४ मध्ये लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर यायला दोन तास लागले, तरी तिथल्या लोकांना कुणी सावध करू शकले नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात समुद्राच्या तळाशी, पृष्ठभागावर आणि अवकाशात उपकरणांचे एक जाळे उभे राहिले. ते कुणा एका देशाच्या मालकीचे नाही. त्यात भारत आहे, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिका आहेत आणि पाकिस्तान, इराणही आहेत. या जाळ्याची दोन टोके मात्र अजूनही कच्ची आहेत. एक टोक भर समुद्रातील बोयाचे आणि दुसरे किनाऱ्यावरील माणसाचे.

२६ डिसेंबर २००४ रोजी नेमके काय घडले?

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. लाटा आधी सुमात्रा आणि अंदमान-निकोबारवर आदळल्या, नंतर श्रीलंका, थायलंड आणि भारताच्या पूर्व किनाऱ्यावर. सुमारे सात तासांनी त्या आफ्रिकेत सोमालियापर्यंत गेल्या. १४ देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसे दगावली. भारतात बळींची संख्या दहा हजारांहून अधिक होती.

भूकंप झाल्याचे जगाला कळलेच नाही, असे नव्हते. हवाई बेटांवरील पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राने सुमारे १५ मिनिटांत पहिले पत्रक काढले. परंतु त्यात भूकंपाची तीव्रता ८ एवढीच धरली होती आणि पत्रक प्रशांत महासागरातील देशांसाठी होते. हिंदी महासागरात लाटा मोजणारी यंत्रणा नव्हती आणि सुट्टीच्या सकाळी कोणत्या देशात कुणाला फोन करायचा, याची ठरलेली यादीही नव्हती. माहिती एका ठिकाणी आणि धोका दुसऱ्या ठिकाणी, अशी ती अवस्था होती.

मग हिंदी महासागरासाठीची यंत्रणा कशी उभी राहिली?

युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरीय आयोगाने जून २००५ मध्ये हिंदी महासागरासाठी त्सुनामी इशारा यंत्रणेचा समन्वय गट स्थापन केला. आज त्यात २८ देश आहेत. सुरुवातीची काही वर्षे हवाईचे केंद्र आणि जपानची हवामान संस्था यांनी या भागासाठी तात्पुरती जबाबदारी उचलली. दरम्यान, भारताने हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजे ‘इन्कॉइस’मध्ये, ऑक्टोबर २००७ मध्ये स्वतःचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू केले.

ऑक्टोबर २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया या तीन देशांची केंद्रे संपूर्ण हिंदी महासागरासाठी सेवा देऊ लागली. २०१३ मध्ये हवाई आणि जपानची तात्पुरती सेवा थांबली. तीन केंद्रे एकाच वेळी काम करतात, ते मुद्दामच. एखादे केंद्र बंद पडले, तरी उरलेली दोन चालू राहतात आणि तिघांचे आकडे पडताळूनही पाहता येतात.

इथे एक बारकावा आहे. ही तीन केंद्रे सदस्य देशांच्या अधिकृत यंत्रणांना धोक्याचा अंदाज कळवतात. किनारा रिकामा करायचा की नाही, हा निर्णय त्या-त्या देशाचा असतो. मालदीवमधील लोकांना कुठे जायला सांगायचे, हे हैदराबाद ठरवत नाही. देशांनी या व्यवस्थेवर सह्या केल्या, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

भूकंपानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत काय होते?

भूकंपाच्या लहरी खडकातून त्सुनामीच्या लाटेपेक्षा कित्येक पट वेगाने जातात. त्यामुळे पहिली बातमी जमिनीवरील भूकंपमापक देतात. भारतासह अनेक देशांतील केंद्रांची माहिती इन्कॉइसला सतत मिळत असते. भूकंप कुठे, किती खोल आणि किती मोठा, हे काही मिनिटांत ठरते.

त्यानंतर लाटेचे गणित नव्याने मांडत बसायला वेळ नसतो. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या तीव्रतेच्या भूकंपांची लाटांची गणिते आधीच करून साठवलेली असतात. झालेल्या भूकंपाशी जुळणारे गणित काढायचे आणि कोणत्या किनाऱ्यावर किती वाजता किती उंच लाट येईल, ते कळवायचे. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामीचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या घरात असतो. प्रवासी विमान याहून फार वेगाने जात नाही.

ज्या किनाऱ्यावर लाट तासाभरात पोहोचेल, तिथे केवळ भूकंपाच्या माहितीवर थेट इशारा दिला जातो. त्याहून दूरच्या किनाऱ्यांना आधी सावध केले जाते. समुद्रातील उपकरणांनी लाट खरोखर उठल्याचे दाखवले, तरच तिथला इशारा वरच्या पातळीवर नेला जातो. खोटा गजर टाळण्यासाठी हा नियम आहे.

भूकंप कळला, तर बोया कशासाठी?

प्रत्येक मोठ्या भूकंपाने त्सुनामी येत नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळच ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्यांवर पळापळ झाली, बांदा आचे शहरात रस्ते वाहनांनी तुंबले. पण त्या भूकंपात समुद्रतळाचे खडक मुख्यतः आडवे सरकले होते, तळ फारसा वर-खाली झाला नव्हता. त्यामुळे पाणी उचलले गेले नाही आणि लाटा लहानच राहिल्या. हे नुसत्या भूकंपमापकावरून पहिल्या काही मिनिटांत सांगणे अवघड असते. ते समुद्रालाच विचारावे लागते.

भर समुद्रात त्सुनामी डोळ्यांना दिसतही नाही. २००४ मध्ये भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी ‘जेसन-१’ हा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून गेला. त्याने मोजलेली लाटेची उंची होती सुमारे ६० सेंटिमीटर. शेकडो किलोमीटर लांबीच्या लाटेत एवढा फुगवटा जहाजावरच्या माणसाला जाणवत नाही. उपग्रहाची ती नोंद शास्त्रज्ञांच्या हाती लागून तिचा अर्थ कळेपर्यंत सारे संपले होते.

म्हणून समुद्राच्या तळावर दाबमापक ठेवले जातात. वरच्या पाण्याची पातळी एखाद्या सेंटिमीटरने बदलली, तरी कित्येक किलोमीटर खाली तळाशी दाबात फरक पडतो. दाबमापक हा बदल ध्वनिलहरींनी वर तरंगणाऱ्या बोयाला कळवतो, बोया उपग्रहाला आणि उपग्रह इशारा केंद्राला. हिंदी महासागरातील अशा प्रकारचा पहिला अमेरिकी बोया डिसेंबर २००६ मध्ये थायलंडच्या सहकार्याने बसवला गेला. नंतर भारत, ऑस्ट्रेलिया यांनीही आपापले बोये टाकले. प्रत्येकाचा बोया स्वतःच्या किनाऱ्याइतकाच शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडतो. म्हणूनच त्याची माहिती इतरांना देणे महत्त्वाचे ठरते.

वादळे आणि मान्सूनसाठी कोणते जाळे आहे?

त्सुनामी क्वचित येते, वादळे दरवर्षी येतात. वादळाला ताकद मिळते ती समुद्राच्या उष्णतेतून. पण वरचा पातळ थर किती तापला आहे, एवढे कळून भागत नाही. ऊब किती खोलवर आहे, हेही कळावे लागते. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांचे गोडे पाणी वर पसरलेले असते. ते खालच्या खाऱ्या, थंड पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळे वादळाने समुद्र ढवळला तरी वरचे पाणी लवकर थंड होत नाही. हे उपग्रहाला वरून दिसत नाही, पाण्यात उतरूनच मोजावे लागते.

त्यासाठी दोन प्रकारची साधने आहेत. पहिले ‘आर्गो’. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगक सोडलेले आहेत. प्रत्येक तरंगक हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून ती उपग्रहाला सांगतो. सुमारे तीस देश यात सहभागी आहेत आणि ही माहिती कुणालाही मोफत मिळते. हिंदी महासागरातील आर्गोच्या माहितीचे विभागीय केंद्र इन्कॉइसमध्येच आहे.

दुसरे साधन म्हणजे नांगरलेले बोये. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था (एनआयओटी) बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात ‘ओम्नी’ बोयांचे जाळे चालवते. विषुववृत्तालगत ‘रामा’ हे आंतरराष्ट्रीय जाळे आहे. त्याचे काम आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या मान्सूनचा अभ्यास हे आहे. २००८ च्या भारत-अमेरिका करारानुसार बोये आणि उपकरणे मुख्यतः अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने द्यायची आणि ते समुद्रात टाकण्यासाठी जहाजाचे दिवस भारताने द्यायचे, अशी वाटणी झाली. जपान, इंडोनेशिया, चीन यांचाही रामामध्ये वाटा आहे. २०२१ मध्ये ओम्नी आणि रामा या दोन्हींची माहिती एकाच संकेतस्थळावर आणली गेली.

याचा मराठी शेतकऱ्याशी संबंध आहे. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक तापला, की त्याला ‘धन द्विध्रुव’ म्हणतात. २०१९ मध्ये हा द्विध्रुव फार तीव्र होता. जूनमध्ये पावसाने ओढ दिली होती, तरी देशातील मोसमाची अखेर सरासरीच्या ११० टक्क्यांवर झाली. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि ऑस्ट्रेलियात वणवे पेटले. पावसाचा दीर्घकालीन अंदाज देताना समुद्राच्या पोटातील ही हालचाल धरावीच लागते.

हे काम एकटा देश का करू शकत नाही?

समुद्रातील धोका जिथे जन्मतो तिथे तो सहसा आदळत नाही. केरळच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असते आणि अचानक समुद्र आत शिरतो. मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. या लाटांचा उगम हजारो किलोमीटर दूर, दक्षिण गोलार्धातील वादळी समुद्रात असतो. तिथून निघालेले लांब पल्ल्याचे तरंग काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला येतात. त्यांचा इशारा द्यायचा, तर आपल्या हद्दीच्या कितीतरी बाहेर पाहावे लागते. इन्कॉइसने २०२० पासून अशा उधाणाच्या पूर्वसूचना देणे सुरू केले.

चक्रीवादळांचेही तसेच. दिल्लीचे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे केंद्र बंगालचा उपसागर व अरबी समुद्राभोवतालच्या १३ देशांना वादळाची सूचना देते. वादळांची नावेही हेच १३ देश सुचवतात. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशचे होते, ‘तौक्ते’ म्यानमारचे आणि ‘गुलाब’ पाकिस्तानचे.

या सहकार्याची मुळे जुनी आहेत आणि ती गोव्याशीही जोडलेली आहेत. १९६० च्या दशकात डझनभराहून अधिक देशांच्या सुमारे चाळीस जहाजांनी हिंदी महासागराची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम पार पाडली. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. आज ती दोनापावला येथे आहे. पन्नास वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेची सुरुवात गोव्यातूनच झाली आणि ‘सागर निधी’ हे जहाज तिथून मॉरिशसकडे निघाले.

भर समुद्रातील टोक कच्चे का?

पहिले कारण माणूसच. तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात, हे मच्छीमाराला ठाऊक असते. त्यामुळे बोयाजवळ जाळी टाकली जातात, होड्या बोयाला बांधल्या जातात. यात दोर तुटतो, उपकरणे मोडतात. सौर पॅनल किंवा धातूचे भाग काढून नेल्याचे प्रकारही होतात. एनआयओटीने काही बोयांवर कॅमेरे बसवले, ते यामुळेच. मच्छीमाराचा दोष काढून हा प्रश्न सुटत नाही. समुद्रात दिसणारी ती पिवळी वस्तू आपल्याच वादळाचा इशारा देते, हे त्याला कुणी समजावले आहे का, हा खरा प्रश्न आहे.

दुसरे कारण जहाज. नांगरलेला बोया वर्षा-दीड वर्षाने काढून बदलावा लागतो, नाहीतर शेवाळ आणि कालवे चढून मोजमापे बिघडतात. यासाठी संशोधन जहाज, इंधन आणि कर्मचारी लागतात. सोमालियाजवळ चाचेगिरी वाढली, तेव्हा जहाजे तिकडे जाईनात आणि रामाचा पश्चिमेकडील भाग रखडला. मूळ आराखड्यात ४६ ठिकाणे होती. फेरआढाव्यानंतर नव्या आराखड्यात ती ३३ वर आणली गेली.

तिसरे कारण पैसा आणि राजकारण. आर्गोच्या तरंगकांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या अमेरिकेचे आहेत. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पात नोआची संशोधन शाखाच मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांना घोर लागला. तरंगकाचे आयुष्य चार-पाच वर्षांचे असते. नवे टाकणे थांबले, तर जाळे एका दिवसात तुटणार नाही. ते हळूहळू विरळ होत जाईल आणि अंदाज का चुकू लागले, हे सामान्य माणसाला कळणारही नाही.

चौथी अडचण हद्दीची. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात दुसऱ्या देशाने संशोधन करायचे, तर किनारी देशाची परवानगी लागते. समुद्रतळाची आणि पाण्याच्या थरांची माहिती पाणबुड्यांच्याही कामाची असते. त्यामुळे नौदले सावध असतात आणि परवानग्या महिनोन् महिने अडकतात.

सगळी उपकरणे चालू असली, तर धोका टळतो का?

नाही. २०१८ मध्ये इंडोनेशियाने हे दोनदा अनुभवले. २८ सप्टेंबरला सुलावेसी बेटावर ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांतच पालू शहरावर लाटा आल्या. लाटा, भूकंप आणि जमीन द्रवासारखी वाहिल्याने मृत व बेपत्ता मिळून चार हजारांहून अधिक माणसे गेली. इंडोनेशियाचे त्सुनामी बोये २०१२ पासून बंद होते, हे तेव्हा उघड झाले आणि टीका झाली. मात्र एवढ्या जवळच्या लाटेसाठी बोये चालू असते, तरी वेळ पुरला नसता.

त्याच वर्षी २२ डिसेंबरच्या रात्री अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा एक भाग समुद्रात कोसळला. मोठा भूकंप झालाच नव्हता. त्यामुळे भूकंपावर आधारलेली यंत्रणा गप्प राहिली आणि चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने विकसित केलेली कमी खर्चाची समुद्रपातळी मोजणारी उपकरणे इंडोनेशियात बसवली गेली.

श्रीमंत देशांचीही सुटका नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या यंत्रणेने मिनिटांत इशारा दिला. पण भूकंपाची तीव्रता सुरुवातीला ७.९ धरली गेली, प्रत्यक्षात ती ९ होती. लाटांच्या उंचीचा पहिला अंदाज त्यामुळे कमी निघाला. जपानने धडा घेतला आणि पूर्व किनाऱ्यासमोरील समुद्रतळावर केबलने जोडलेली १५० निरीक्षण केंद्रे उभारली.

मग किनाऱ्यावरील टोकाचे काय?

सिमेउलुए हे इंडोनेशियाचे बेट २००४ च्या भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ होते. तिथे लाट मिनिटांत आली. बेटावर सुमारे ७८ हजार लोक होते, मृत्यू झाले सात. १९०७ मध्ये या बेटाने त्सुनामी सोसली होती. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना ‘स्मोंग’ची गोष्ट सांगत आले होते : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, की डोंगराकडे पळा. त्या सकाळी ती गोष्टच त्यांची इशारा यंत्रणा ठरली.

ओडिशाची कथाही अशीच शिकवणारी आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ वादळ पुरीजवळ धडकले, त्याआधी सुमारे बारा लाख लोकांना हलवले गेले होते. राज्यातील मृतांचा आकडा ६४ होता. मधल्या वीस वर्षांत उपग्रह आणि बोये आले, तशाच निवाऱ्याच्या इमारती, गावातील स्वयंसेवक आणि नियमित सरावही आले. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या आयोगाने ‘त्सुनामी सज्ज’ ठरवले. हिंदी महासागर परिसरातील ही पहिली गावे. २०२४ मध्ये ओडिशातील आणखी २४ गावांना ती मान्यता मिळाली. तिचे निकष साधे आहेत : धोक्याचा नकाशा, पळण्याच्या वाटेच्या पाट्या, चोवीस तास इशारा मिळण्याची सोय, गावाची आपत्ती योजना आणि सराव.

जिथे हे झाले नाही, तिथे काय होते, हेही समोर आहे. नोव्हेंबर २०१७ अखेरच्या ‘ओखी’ वादळाने केरळ, तमिळनाडूचे खोल समुद्रात गेलेले मच्छीमार गाठले. किनाऱ्यावरील इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते, कारण मोबाइलची कक्षा किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपते. भरकटलेल्या ६८ बोटी आणि साडेनऊशेवर मच्छीमारांना सिंधुदुर्गच्या किनाऱ्याने आसरा दिला. पुढे खोल समुद्रात उपग्रहावरून संदेश देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आले. ते माहिती पोहोचवते, पण बोटीवरून उलट निरोप घेत नाही.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गेले. वादळाच्या सूचना काही दिवस आधीपासून मिळत होत्या. तरीही तेलक्षेत्रातील पी-३०५ हा तराफा आणि वरप्रदा ही टगबोट बुडून ऐंशीहून अधिक कामगारांचा जीव गेला. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात उधाणाच्या लाटांचा इशारा दिलेला असताना वैद्यकीय शाखेचे पाच तरुण समुद्रात ओढले गेले. दोन्ही वेळी विज्ञानाने आपले काम केले होते.

कोकण आणि गोव्याला त्सुनामीचा धोका आहे का?

कमी आहे, पण शून्य नाही. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यालगत मकरान ही भूकंपप्रवण घळ आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. बळींचे आकडे वेगवेगळे दिले जातात. सर्वाधिक हानी आजच्या पाकिस्तानच्या किनाऱ्यावर झाली. मात्र चार-पाच तासांनी, सकाळी, लाटा मुंबईत पोहोचल्या आणि इथेही माणसे वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हाची मुंबई आणि आजची मुंबई यांतील फरक सांगायला नको.

मकरानच्या धोक्यासाठी भारत, पाकिस्तान, इराण, ओमान हे देश समन्वय गटाच्या एकाच वायव्य विभागात बसतात. १९४५ च्या साक्षीदारांच्या आठवणी या चारही देशांतून गोळा केल्या गेल्या. दर काही वर्षांनी होणाऱ्या ‘आयओवेव्ह’ या संयुक्त सरावात सुमात्राप्रमाणेच मकरानचा भूकंपही कल्पिला जातो. इतर कुठल्याही टेबलावर न बोलणारे शेजारी इथे एकमेकांच्या समुद्रपातळीचे आकडे पाहतात. मुंबईला मिळणारे चार तास त्या आकड्यांवर अवलंबून आहेत.

पुढे काय?

तंत्रज्ञानाच्या बाजूने सर्वाधिक आशा समुद्राखालील इंटरनेट केबलकडून आहे. नव्या केबल टाकतानाच त्यांत दाब, तापमान आणि कंपन मोजणारे संवेदक बसवायचे, ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्था २०१२ पासून पुढे रेटत आहेत. पोर्तुगालने लिस्बन, अझोर्स आणि मदैरा बेटे जोडणाऱ्या केबलसाठी ती स्वीकारली आहे. तळावरच्या केबलला होडी बांधता येत नाही आणि तिची बॅटरी बदलायला जहाजही लागत नाही. मुंबईत अनेक आंतरराष्ट्रीय केबल येऊन मिळतात. त्यामुळे हा विषय आपल्या दाराशीच आहे. मात्र परवानग्या, सुरक्षा आणि वाढीव खर्च कुणी सोसायचा, हे प्रश्न इथेही येतील.

किनाऱ्याच्या बाजूचे काम याहून स्वस्त आहे. जगातील धोक्यातील सर्व किनारी वस्त्या २०३० पर्यंत त्सुनामीसाठी सज्ज करण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या महासागर दशकात ठेवले आहे. ओडिशातील गावांनी जे केले, त्यासाठी फार मोठे तंत्रज्ञान लागले नाही. पळण्याची वाट दाखवणारी पाटी, भोंगा आणि वर्षातून एकदा शाळेसह केलेला सराव हे कोकणातील कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे.

तोवर तीन गोष्टी प्रत्येकाला करता येतात. समुद्रावर जाण्याआधी इन्कॉइसचे ‘समुद्र’ किंवा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप पाहावे. किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर संदेशाची वाट न पाहता उंचावर जावे. आणि एकदा वर गेल्यावर पहिल्या लाटेनंतर खाली येऊ नये, कारण त्सुनामीत पहिलीच लाट सर्वात मोठी असेल, असे नसते.